अण्णांचा यशिका कॅमेरा : दुरुस्तीची वही

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजची स्थिती. हँडल फिरतंय, शटर चढतंय. २५० आणि ५०० वर, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या आणि पाचशेव्या भागाला, शटरच्या पात्या उघडमीट करतात. १२५ वर जरा विचार करून करतात. ३० च्या खाली कारभार आटोपला. १ सेकंदावर ठेवून बटण दाबलं तर पात्या उघडल्या आणि आ वासून तशाच राहिल्या. मी चहा टाकायला उठले आणि मागून 'टक्' ऐकू आलं. तेव्हा कुठे मिटल्या.

यशिका मॅट १२४ जी, म्हणजे दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून आत डोकवायचा चौकोनी डबा. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. १२० चा रोल, त्यावर चौरस फोटो, मोजून १२. माझ्या सासऱ्यांचा आहे. अण्णांनी नोकरी सांभाळून सोळा-सतरा वर्षं लग्नांचे फोटो काढले. मग हा चामडी केसमध्ये गेला, केस कापडी पिशवीत आणि पिशवी कपाटात. शेवटचा रोल कधी घातला ते त्यांना सांगता येत नाही.

मी भोसरीत टूल डिझाइन करते. जिग, फिक्श्चर, डाय यांत माझा दिवस जातो. कॅमेरा आजवर उघडलेला नाही. पण शटरमध्ये स्प्रिंग, चाकं आणि तरफा आहेत, सर्किट नाही, एवढं कळल्यावर हात शिवशिवायला लागले.

अण्णा म्हणाले, "बिघडलेला नाहीये तो. नुसता आखडलाय. माझे गुडघे बघ."

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ, पाहुणे, काम शून्य. एकच केलं, चामडी केस घराबाहेर काढली. चामडं ओल धरून ठेवतं आणि पुण्याच्या पावसाळ्यात चार महिने बंद कपाटात ती ओल भिंगाशेजारी बसून राहते. बुरशीला आणखी काय हवं? टॉर्च धरून खालच्या भिंगात पाहिलं. आत कडेला कोळिष्टकासारखे पांढुरके धागे आहेत, मध्यभागी नाहीत.

केस टाकून देऊ का म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही. म्हणजे टाकायची नाही. गच्चीत उन्हाला ठेवली.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी ओंकारला घेऊन जुन्या बाजारात. कुंभारवेशीजवळचा हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे नटबोल्टपासून ग्रामोफोनच्या कर्ण्यापर्यंत काहीही मिळतं. मला भिंगाची खाचेरी रिंग फिरवायला दोन टोकांचा पाना हवा होता. तो नाही मिळाला, पण मोडका व्हर्निअर कॅलिपर मिळाला. त्याचे जबडे घासून पाना करीन.

एका ताडपत्रीवर कॅमेऱ्यांचा ढीग होता. बडोद्यात बनायचा तो अग्फा क्लिक थ्री, एक पेन्टॅक्स के-१०००, एक कॅनन एई-१. ओंकारने एई-१ उचलला, कारण दिसायला तो जास्त झोकात होता. बटण दाबलं, काही नाही. विक्रेता म्हणाला, सेल टाका, चालेल. चालेलही. पण सेल नाही तर त्याचं शटर हलतच नाही, कारण ते विजेच्या इशाऱ्यावर सुटतं. आतला मेंदूच गेला असेल तर सेल टाकून काय होणार? के-१००० चढवला, दाबला, 'खटॅक्'. त्यात सेल नव्हताच. त्याला सेल फक्त प्रकाश मोजायला लागतो.

गंमत अशी की हे दोन्ही एकाच वर्षी, १९७६ ला, बाजारात आले. तेव्हा एई-१ हा उद्याचा कॅमेरा होता. आत मायक्रोप्रोसेसर, जाहिरातींचा धडाका. के-१००० म्हणजे शिकाऊ विद्यार्थ्यांचा साधासुधा डबा. तो डबा १९९७ पर्यंत बनत राहिला.

ओंकारने विचारलं, "मग आपण हाच घ्यायचा का?"

नाही. घरात एक आखडलेला आहे तेवढा पुरे.

(स्क्रूंबद्दल एक नोंद, स्वतःसाठी. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यांत बसल्यासारखा वाटतो, पण नीट बसत नाही. जोर लावला की उसळतो आणि डोकं खातो. जेआयएस टोकाचे ड्रायव्हर मागवले आहेत. ते येईपर्यंत कुठल्याही स्क्रूला हात लावायचा नाही.)

२६ जानेवारी

आज उघडला.

पुढचं काळं लेदरेट हेअर ड्रायरने गरम केलं आणि कडेपासून हळूहळू सोलत आणलं. जुना डिंक काकवीसारखा ताणला जातो. घाई केली की तुकडा पडतो, आणि एक कोपरा पडलाच. त्याखाली स्क्रू. खालच्या भिंगाचा पुढचा भाग फिरवून काढायला रबरी बूच लेथवर धरून त्याची कडी करून आणली होती. ती भिंगाच्या कडेवर दाबून उलटं फिरवलं तर पहिल्यांदा हललंही नाही. परत दाबलं आणि 'कुर्र' करत सुटलं. प्रत्येक स्क्रू अंड्यांच्या ट्रेच्या एकेका खळग्यात, क्रमाने. फोनवर फोटो काढत काढत.

आत पोहोचल्यावर अण्णांना बोलावलं. गुडघा धरत आले, खुर्ची ओढली, भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "तेल कुणी घातलंय यात?"

पात्यांवर तेलाचा पातळ थर होता, मोरपंखी चमक येते तसा. पात्या एकमेकींना तेलाने चिकटल्या होत्या. अण्णांना मग आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी शटर मंद झालं म्हणून एका दुरुस्तीवाल्याकडे दिला होता आणि त्याने दहा मिनिटांत 'मोकळा' करून दिला होता. तेव्हा मोकळा झालाही असेल. पण शटरच्या पात्या कोरड्याच चालतात, त्यांना तेल म्हणजे गोंद. दाराच्या बिजागरीला जे चालतं ते इथे चालत नाही.

आता मुख्य रोगी. शटरच्या कडेला नखाएवढ्या जागेत एक छोटी चाकांची रांग आहे. शेवटच्या चाकाला टोकदार दाते आहेत आणि त्यांवर एक इवलीशी तरफ डुलते. गजराच्या घड्याळात असतं तेच तत्त्व. बटण दाबलं की मुख्य स्प्रिंग पात्या उघडते. मिटण्याआधी तिला ही चाकांची रांग ओढत न्यावी लागते. जितकं जास्त ओढायचं तितका वेळ पात्या उघड्या. १ सेकंद म्हणजे सगळी रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत. ५०० वर या रांगेचं काही काम नाही, म्हणूनच तिथे कॅमेरा धडधाकट वाटत होता. रांगेतलं मूळचं ग्रीस सुकून मेणासारखं झालं होतं.

काहीही तुटलं नव्हतं. एक दाता झिजलेला नाही, एक स्प्रिंग ढिली नाही. हे मी भिंगाखाली दोनदा तपासलं, कारण रोज झिजलेले भाग बघायची सवय आहे आणि इतक्या लग्नांनंतर काहीतरी झीज दिसायला हवी होती. दिसली नाही. भार किती? एक केसाएवढी स्प्रिंग आणि पंखासारख्या पात्या. वापरून या कॅमेऱ्याचं फारसं काही बिघडत नव्हतं. कपाटात ठेवल्यावर बिघडायला लागलं.

लायटरचं पेट्रोल ड्रॉपरने रांगेत सोडलं, बारीक ब्रशने हलवलं, टिश्यूने टिपलं. पिवळट पाणी निघालं. पुन्हा. चौथ्या वेळी टिश्यू पांढराच राहिला. पात्याही तशाच धुतल्या. रात्रभर झाकून ठेवला. धुतल्या धुतल्या चालवून पाहायचा मोह होतो, पण सगळं उडून गेल्याशिवाय खरं कळत नाही.

भिंगाची बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसली. धागे गेले, पण कडेला दोन ठिकाणी त्यांचे माग राहिलेत, काचेवरचा लेप खाल्ल्याचे. ते आता जाणार नाहीत. फोटोत दिसतीलसं वाटत नाही.

२७ जानेवारी

कामावरून आल्यावर, चपला काढायच्या आधी, १ सेकंदावर ठेवून दाबलं. 'झ्झ्झ्झ्झ्-टक्.'

पुन्हा दाबलं. तस्संच. दहा वेळा दाबलं. त्या झुळझुळीत कुठेही अडखळ नाही.

अण्णांना ऐकवायला गेले. त्यांना ऐकू येईना. कानातलं यंत्र लावलं तरी नाही, या शटरचा आवाज मुळातच डासासारखा. "थांब," म्हणाले. कॅमेरा दोन्ही हातांत घेतला, अंगठा पुढच्या पाटीवर टेकवला आणि मानेनेच मला खूण केली. मी दाबलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"अजून एकदा."

सात वेळा दाबलं. मग म्हणाले, "पूर्वी थोडं जड होतं. बरं झालं, चांगलं झालं," आणि बातम्या लावल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून फोटोट्रान्झिस्टर (उजेड पडला की वीज जाऊ देणारा सुटा भाग) आणि ऑडिओची पिन आणली. खर्च किरकोळ. जुन्या लॅपटॉपच्या माइकच्या भोकात जोडला. कॅमेऱ्याची पाठ उघडून आत तो ठेवला, समोर टॉर्च. शटर उघडलं की आवाजाच्या आलेखावर एक उंचवटा उठतो, मिटलं की खड्डा पडतो. दोघांतलं अंतर म्हणजे शटरचा वेग. प्रत्येक वेगाला पाच मापं, त्यांची सरासरी.

१ सेकंद : १.०८ सेकंद.
१/६० (१६.७ मिलिसेकंद हवेत) : १७.५.
१/१२५ (८ हवेत) : ८.७.
१/५०० (२ हवेत) : २.६, म्हणजे १/३८० च्या आसपास.

भोसरीत असा भाग तपासणीला आला असता तर मी परत पाठवला असता. ५०० ला तीस टक्के चूक! पण फिल्मच्या हिशेबात ही चूक अर्ध्या स्टॉपलाही (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) पोहोचत नाही, आणि निगेटिव्ह रोल तेवढं सहज पोटात घालतो. ज्या कामासाठी वस्तू आहे त्या कामाला किती अचूकता लागते ते ओळखून बाकीची ढिलाई तशीच ठेवली आहे. म्हणून चार दशकांनंतर, चार ठिकाणी मळ बसूनही, ती चालते. अति घट्ट बसवलं असतं तर पहिल्या धुळीला रुतून बसली असती.

स्प्रिंग ताणून ५०० दुरुस्त करायचा विचार आला होता. सोडून दिला. कारण खाली येईल.

५ फेब्रुवारी

मीटर. म्हणजे प्रकाश मोजणारी सुई, वरचा हूड उघडला की जागी होणारी. १२४ जी मधला जी म्हणजे गोल्ड, मीटरच्या विजेच्या जोडांना सोन्याचा मुलामा दिलाय. अख्ख्या कॅमेऱ्यात सोनं तिथे आणि रोगही तिथेच. आत एक जुना सेल फुटून हिरवा चिकटा झाला होता आणि तार कुजून तुटली होती. खरवडून नवी तार डागली.

पण सेल कुठला घालायचा? मूळचा होता पाऱ्याचा, १.३५ व्होल्टचा, शेवटच्या क्षणापर्यंत तेवढाच दाब देणारा. पाऱ्यामुळे ते सेल बंद झाले. आता मिळणारे अल्कलाइन १.५ व्होल्टने सुरू होतात आणि उतरत जातात, सुई तेवढी खोटं बोलत जाते. यावर तोड अशी की कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ च्या आसपास धरून ठेवतो. आकाराने लहान आहे, भोवती रबरी कडी घातली की बसतो.

आणि अण्णांच्या यंत्रात तोच सेल लागतो! निळा कागद सोलून एक मिनिट हवा लागू द्यायची, मग घालायचा. टेबलावर त्यांचं पाकीट होतंच. एक उचलला. सुई हलली.

सुई हलली, पण भरवशाची नाही. उन्हात फोनवरच्या मीटरशी जुळते, सावलीत दीड-दोन स्टॉप भरकटते, आणि एकदा सूर्याकडे धरली की मग काही वेळ खोलीतही तिला ऊनच दिसत राहतं. आतला प्रकाश ओळखणारा कॅडमियम सल्फाइडचा तुकडा म्हातारा झालाय. तो उघडून धुता येत नाही, घासता येत नाही. या कॅमेऱ्यात माझा हात जिथे पोहोचत नाही अशी ही एकच जागा.

अण्णा म्हणाले, "माझा सेल परत दे. ती सुई मी कधी बघितलीच नाही."

१५ फेब्रुवारी

मागच्या झाकणाच्या खाचांतला काळा फोम डांबर झाला होता. बोटाला लागला की दोन दिवस जात नाही. अल्कोहोलने काढला. त्याजागी लक्ष्मी रोडवरून आणलेली काळी लोकर, दोन पदरी, चिकटवली. पूर्ण गुंडा घ्यावा लागला. उरलेल्या लोकरीत मोजे होतील.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिला रोल. एचपी ५ ही कृष्णधवल फिल्म, आयएसओ (प्रकाश टिपण्याची क्षमता) ४००. सकाळी साडेनऊला मंडईत.

वरून काचेत बघताना डावं-उजवं उलटं दिसतं. कोथिंबिरीच्या गाड्याकडे वळायचं म्हणून मी उजवीकडे वळले आणि काचेतला गाडा आणखीच उजवीकडे पळाला. दोनदा एकाच काकूंना धक्का दिला. पण एक झालं, कुणी माझ्याकडे रोखून पाहिलं नाही. कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचा ताठ होतो. खाली मान घालून डब्यात बघणाऱ्या बाईला लोक बहुधा फोनवर बोलणारी समजतात.

प्रकाशाचा हिशेब अण्णांनी घरीच दिला होता. "लख्ख ऊन असेल तर सोळा. आणि शटर रोलच्या नंबराएवढं." म्हणजे ॲपर्चर, भिंगाच्या भोकाचा आकडा, १६ आणि चारशेच्या रोलला शटर १/४००. डायलवर ४०० नाही, ५०० आहे. आणि आमचं ५०० निघतं ३८० ला! म्हणून स्प्रिंगला हात लावला नाही.

एका फोटोला रोल आणि धुणं धरून ८०-९० रुपये पडतात. अमृततुल्यात पाच-सहा चहा. त्या हिशेबाने मी मंडईच्या मनोऱ्यापुढे दहा मिनिटं उभी होते, कबुतरं हलायची वाट बघत. १८८६ पासून तो तिथेच आहे, त्याला घाई नव्हती.

२४ फेब्रुवारी

रोल धुतला, न्हाणीघरात. आयडी-११ डेव्हलपर, २० अंशांना साडेसात मिनिटं. नळाचं पाणी २५ होतं, बर्फाच्या ट्रेमध्ये भांडं ठेवून उतरवलं. फिक्सरनंतर टाकी भरून ५ वेळा उलटीपालटी, मग नवं पाणी आणि १०, मग २०. पाणी कमी लागतं.

बारा फोटो आले. प्रकाश उत्तम, कुठेही गळती नाही, लोकरीने काम केलं. आणि बाराच्या बारा फोटो किंचित धूसर. हललेले नाहीत. फोकसच नाही.

रात्रभर डोक्यात तेच.

१ मार्च

माझीच चूक. पुढचं भिंग परत बसवताना शेवटचा पाव आटा बसलाच नव्हता. आट्यात जुन्या रंगाचा एक कण अडकला होता, आणि हाताला 'घट्ट' लागलं म्हणून मी थांबले होते. वरचं भिंग एक सांगत होतं आणि खालचं दुसरंच पाहत होतं. बरं झालं, धडधाकट कामगारांना मी रोज हेच बोलते, घट्ट लागणं म्हणजे बसणं नव्हे.

आटे ब्रशने साफ करून पुन्हा बसवलं. मग रोलच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून लावला, शटर बी वर उघडं धरलं आणि रात्री गच्चीवरून पर्वतीवरच्या दिव्यावर नेम धरला. वरच्या काचेत दिवा टोकदार झाला त्याच क्षणी खालच्या कागदावरही झाला. तीनदा फिरवून पाहिलं. ओंकार टॉर्च आणि डास दोन्ही सांभाळत होता.

९ मार्च

दुसरा रोल धुतला. खणखणीत. भिंगातून पाहिलं तर तागडीवरचे आकडे वाचता येतात. निगेटिव्ह ६ बाय ६ सेंटिमीटरची, छोट्या ३५ मिलिमीटर रोलच्या फ्रेमच्या जवळजवळ चौपट. भिंग ८० मिलिमीटरचं, चार काचांचं, फार थोर नाही. पण एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर त्याला फार ताणावं लागत नाही.

अण्णांना दाखवल्यावर त्यांनी स्वतःचे अल्बम काढायला लावले. दुपारभर तेच. अंतरपाट खाली येतो तो क्षण, प्रत्येक लग्नात एकच फोटो. दुसरा का नाही म्हणून विचारलं तर म्हणाले, "हँडल फिरवून मागे आणेपर्यंत हार घालून झालेले असतात." फ्लॅशचं गणित त्यांना अजून पाढ्यासारखं येतं. दहा फुटांवर आठ, सात फुटांवर अकरा. अंतर गुणिले ॲपर्चर, उत्तर ऐंशीच्या आसपास.

भर दुपारी मांडवाबाहेरचे, मागे ऊन आणि तरी चेहरे उजळ, असे फोटो पाहून मी चकित झाले. पडद्याच्या शटरला फ्लॅश ठरावीक वेगाच्या पुढे चालत नाही, के-१००० ला ६० च्या वर नाही, रशियन झेनिट-ई ला तर ३० च्या वर नाही. या पात्यांच्या शटरला ५०० पर्यंत कुठेही चालतो. लग्नवाल्यांनी हा डबा इतकी वर्षं का धरून ठेवला त्याचं निम्मं कारण हे असावं.

तरी लिहून ठेवते, हा अजरामर वगैरे नाही. हँडलच्या मागची चाकं मला नाजूक वाटतात. जोराने ओढलं तर जातील, आणि नवी कोणी बनवत नाही. वेळ आली तर चाक कापून घेईन. कुठे कापायचं ते ठाऊक आहे.

३० मार्च, गुढीपाडवा

अण्णांनी स्वतः रोल घातला. कागदावरचा बाण खुणेशी जुळवताना बोटं थरथरत होती, पण मला हात लावू दिला नाही. गुढी, कडुलिंबाची डहाळी तोंडात घेऊन वेडंवाकडं तोंड करणारा ओंकार, शेजारच्या आजी. सकाळभरात अकरा फोटो. प्रत्येक वेळी डायल अंदाजाने, सुईकडे न बघता. सेल कॅमेऱ्यात नाहीच, त्यांच्या कानात आहे.

बारावा काढा ना, संध्याकाळी रोल धुते, असं मी दोनदा म्हटलं.

"दिसू दे की काहीतरी," म्हणाले. कॅमेरा केसमध्ये घालू दिला नाही. टीपॉयवर, पेपरशेजारी ठेवलाय.